भातुकलीतलं एकटं बिऱ्हाड

३ फेब्रुवारी

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद. सूनबाईंनाही आशीर्वाद आणि खारूताईला एक गालगुच्चा. सर्दी-खोकल्याची पाळी आता तुमच्यापैकी कोणावर आहे? मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं मी मनावर घेत नाही.

तू म्हणशील, फोन असताना आईला पत्राची आठवण कुठून झाली. फोनवर मी एक वाक्य बोलले की तू मला तीन सल्ले देतोस, आणि चौथा यायच्या आत खारूताई फोन हिसकावून पडलेले दात दाखवते. सांगायचं ते राहूनच जातं. पत्रात मला मध्येच तोडणारं कोणी नाही, हा केवढा फायदा आहे.

तुझं मागच्या आठवड्यातलं बोलणं लक्षात आहे माझ्या. मागच्या बाजूची खोली तुम्ही माझ्यासाठी रंगवलीत, भिंतींना मला आवडतो तसा फिका पिवळा रंग दिलात, खिडकीशी टेबल लावलंत. ऐकून फार बरं वाटलं. वर्षअखेरीस निवृत्त झाले की इथलं घर विकून तुमच्याकडे कायमचं राहायला यायचं का, हा तुझा प्रश्न. त्याचं उत्तर मी देणार आहे. पण सध्या कामाचा असा रगाडा आहे की डोकं ठिकाणावर नाही. आधी त्याबद्दल सांगते.

आपल्या शहरात घर ऊबदार ठेवायला घरोघरी तेलाचे बॉयलर, हे काय तुला सांगायला हवं? प्रत्येक इमारतीखाली तेलाची एक सामाईक टाकी, आणि थंडीत गल्लीभर धूर. नगरपालिकेनं ठरवलंय की हे बॉयलर काढायचे आणि त्यांच्या जागी हीट पंप आणायचे. हीट पंप म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी सांगते, फ्रीजला उलटं कामाला लावायचं; मग तो बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात सोडतो. धूर नाही, तेल नाही. पण लोकांनी ते बसवावेत म्हणून करायचं काय? सरसकट अनुदान द्यायचं, की सरळ बंदी घालायची, की आणखी काही? जूनच्या सभेत यावर मतदान आहे. कोणत्या मार्गानं काय होईल हे सभेला सांगायचं काम माझ्या चमूकडे आहे.

जुन्या वळणाचे अर्थतज्ज्ञ यासाठी एक सरासरी माणूस घेतात. त्याला विचारतात, एवढं अनुदान मिळालं तर तू काय करशील? तो बिचारा आकडेमोड करतो आणि शहाण्यासारखं उत्तर देतो. त्या उत्तराला लोकसंख्येनं गुणलं की झालं धोरण तयार. मी अख्ख्या नोकरीत हा सरासरी माणूस कुठे पाहिला नाही. त्याला शेजारी नसतात, मेहुणा नसतो, आणि मेहुण्याचा पंप बिघडला म्हणून तो धसका घेत नाही.

आम्ही त्याऐवजी कॉम्प्युटरमध्ये अख्खं शहर मांडलंय. प्रत्येक बिऱ्हाडाचं एक टिंब. प्रत्येकाची ऐपत वेगळी, स्वभाव वेगळा, आणि ऐकायचं कोणाचं तेही वेगळं. एका जिन्यावरच्या, म्हणजे एकाच टाकीवरच्या, दोन घरांनी पंप बसवला की तिसरं डोकावून बघतं. तोवर मिस्त्र्यांचा हात बसलेला असतो, सुटे भाग पटकन मिळायला लागलेले असतात, म्हणून चौथ्याला ते सोपं जातं. हुकूम कोणी सोडत नाही, तरी एखादी गल्ली महिनोन्‌महिने ढिम्म राहते आणि मग एकाएकी पालटते, नाटक संपल्यावर एकानं टाळी वाजवली की सगळं सभागृह वाजवायला लागतं तशी. ती पहिली टाळी कुठे आणि कशानं पडेल, हे आम्ही शोधतो. बदललेलं टिंब हिरवं होतं, न बदललेलं राखाडी राहतं. वित्त खात्यातले लोक याला 'भातुकली' म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण मला शब्द आवडला. आता आम्हीही तेच म्हणतो.

या भातुकलीची तपासणी करायला वित्त खात्यानं एक माणूस पाठवलाय. माझ्याच वयाचा, उंच, पाठीत किंचित वाकलेला, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'एक शंका आहे' अशी. पहिल्याच दिवशी आम्ही त्याचं नाव शंकासुर ठेवलं. त्यानं आमच्या नाकी नऊ आणलेत. हा आकडा कुठून आला, हे गृहीत का धरलं, शेजारी म्हणजे नक्की किती घरांपर्यंत, प्रत्येक गोष्टीचा कीस. आणि चहा पितो तो बिनसाखरेचा, तोंड जरासुद्धा वाकडं न करता. अशा माणसावर विश्वास ठेवावा का, तूच सांग.

परवा तर त्यानं कहर केला. पडद्यावर भातुकली पंधरा वर्षं पुढे नेऊन बघत होतो. शहर जवळजवळ सगळं हिरवं झालं, पण जुन्या वस्तीत जिथे तिथे राखाडी टिंबं, जागची हलायला तयार नाहीत. हा पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. "एक शंका आहे. ही माणसं का बदलत नाहीत?" मी म्हटलं, यातली बरीचशी पन्नाशीच्या पुढची, एकटी राहणारी बिऱ्हाडं आहेत, त्यांची बदलायची तयारी नसते. तो म्हणाला, हे कोणी सांगितलं? मी मोठ्या तोऱ्यात भातुकलीचे, म्हणजे आमच्या मॉडेलचे, नियम उघडले. एकट्या बिऱ्हाडांसमोर लिहिलं होतं, बदलाची तयारी शून्य. आणि त्याच्यापुढे माझाच शेरा, 'तात्पुरतं, नंतर बघू.'

आमच्या धंद्यात हे होतं. नियम लिहिताना एखादा आकडा ठाऊक नसतो. काम अडू नये म्हणून काहीतरी टाकून पुढे जातो, आणि ते काहीतरी तिथेच मुक्काम ठोकतं. मी शून्य टाकलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. आणि त्या शून्याच्या आधारावर आम्ही शिफारस करणार होतो की या घरांवर आत्ता वेळ घालवू नये, शेवटी बंदी आली की बघता येईल. म्हणजे तेल महागत जाणार, टँकर येईनासे होणार, आणि गारठ्यात मागे राहणार कोण, तर एकटी म्हातारी माणसं.

आता हा वर जाऊन आमचे वाभाडे काढणार असं मी धरूनच चालले होते. पण त्यानं एवढंच विचारलं, की शून्यच का टाकलंत, दुसरा कुठलाही आकडा का नाही? मी म्हटलं, बघून सांगते. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते तपासनिसाला द्यायचं उत्तर नव्हतं.

तर आता हे निस्तरण्यात माझे पुढचे दोन-तीन महिने जाणार. खोलीचं तेवढं तूर्त राहू दे. सूनबाईंना म्हणावं, रंगाची निवड अगदी माझ्या मनासारखी.

तुझी,
आई

२१ एप्रिल

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, पण माझ्या मुलानं हातात पेन धरलं याचंच मला कौतुक. मागच्या पानावर खारूताईनं काढलेलं चित्र माझं आहे की पाणघोड्याचं, ते कळवावं.

घर बघायला दलाल पाठवू का, असं विचारलंयस. इतक्यात नको. का ते सांगते, पण क्रमानं सांगू दे.

त्या शून्याचं काय करायचं यावर चमूत बरीच वादावादी झाली. कोणी म्हणालं दुसऱ्या शहरांचे आकडे घेऊ, कोणी म्हणालं अंदाजानं थोडं वाढवू. शंकासुर म्हणाला, त्या लोकांनाच विचारलं तर? इतकी साधी गोष्ट, आणि आम्हाला सुचली नव्हती. मग मी जुन्या वस्तीत घरोघर जायचं ठरवलं. आकडे कसे गोळा होतात हे पाहणं तपासनिसाचं कामच असतं, म्हणून शंकासुरही बरोबर येऊ लागले.

त्या वस्तीतले जिने तुला आठवतात ना, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे? जिन्याच्या प्रत्येक वळणावर यांना काहीतरी शंका यायची आणि ते थांबायचे. ही नळी कुठे जाते, ही खिडकी बंद का केली असेल. मी वैतागायचे. माझ्या गुडघ्यासाठी ते थांबतात, हे माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले. माझ्यासारख्या हुशार बाईला इतका वेळ लागावा म्हणजे नवल आहे.

एक निवृत्त बसचालक भेटले. त्यांना पंप हवाय, पण भिंतीला भोक पाडण्याच्या आवाजानं त्यांचं मांजर घर सोडून जाईल, अशी त्यांना काळजी. एक बाई आम्हाला विम्याची माणसं समजल्या आणि त्यांनी दारातूनच परतवलं. आणि मग एक शिवणकाम करणाऱ्या आजी भेटल्या. घरभर कपड्यांचे तुकडे, मशीन खिडकीशी, बॉयलर एवढा जुना की बोलताना त्याच्या आवाजाच्या वर ओरडावं लागतं. मी पाठ झालेला प्रश्न विचारला, की तुम्हाला बॉयलर बदलायचा नाही का? त्यांनी सुई खाली ठेवली.

"नको कोण म्हणतंय? पण चार दिवस घरात परकी माणसं वावरणार, भिंती फोडणार. हे बरोबर करतायत की चुकीचं, असं वळून विचारायला मला कोणी नाही. तुम्ही बसाल का माझ्याजवळ तेवढे दिवस?"

मी शंकासुरांकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना काही शंका आलेली दिसली नाही.

त्यानंतर आम्ही नुसतं हेच ऐकलं. शब्द प्रत्येकाचे निराळे, पण दुखणं एकच. कोणाला अनुदान कमी वाटत नव्हतं, कोणाला यंत्राचा राग नव्हता. एकट्यानं ठरवायची आणि एकट्यानं निभावायची धास्ती होती. आम्ही त्यांना 'तयारी नाही' म्हणून मोकळे झालो होतो.

मग भातुकलीत नवा नियम घातला. एकट्या बिऱ्हाडाची तयारी आता सोबतीवर ठरते. वस्तीतलाच कोणीतरी, ज्याच्या घरी हे काम होऊन गेलंय, तो नगरपालिकेतर्फे काम चालेल तेवढे दिवस येऊन बसणार. मिस्त्र्यांशी बोलणार, काय चाललंय ते समजावणार, मांजर सांभाळणार. याला खर्च असा काय येणार, एक खुर्ची आणि थोडा चहा. नियम घातला आणि मॉडेल चालवलं.

सोन्या, मी ते दृश्य विसरणार नाही. राखाडी टिंबं हिरवी होतील, एवढं आम्ही धरलं होतं. पण त्यांच्यामागून पूर्ण जिनेच्या जिने हिरवे होत गेले. कारण ती सामाईक टाकी. एक जरी घर तेलावर राहिलं तरी टाकी ठेवावी लागते, तिची देखभाल करावी लागते, आणि मग बाकीचेही म्हणतात, आहेच टाकी तर राहू दे आपलाही बॉयलर. ते शेवटचं घर बहुतेक वेळा एकट्या म्हाताऱ्या माणसाचं. ते सुटलं की टाकी जाते, आणि टाकी गेली की सगळा जिना सुटतो. नियम लिहिताना हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही नव्हतं. पडद्यावर वस्ती आपोआप पालटत गेली, आणि चमूतल्या एकीनं टेबलावर ताल धरला. मी डोळे पुसले ते चष्मा पुसायच्या निमित्तानं.

शंकासुर अर्थातच म्हणाले, एक शंका आहे, पुन्हा चालवू. दर वेळी सुरुवातीचे फासे निराळे टाकून दिवसभर चालवलं. दर वेळी तेच. संध्याकाळी ते बाहेर गेले आणि एवढ्या गारठ्यात सगळ्यांसाठी आइसक्रीम घेऊन आले.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. आपल्या घरातला बॉयलर मी काढून टाकला. सोबतीची कल्पना प्रत्यक्षात कशी चालते हे कुठेतरी करून बघायलाच हवं होतं. शिवाय लोकांच्या दारोदार सांगत हिंडायचं आणि स्वतःच्या घरात तेल जाळायचं, हे बरं दिसत नव्हतं. घर विकलं तरी घेणाऱ्याच्या उपयोगी पडेलच. काम नीट झालं. जुना बॉयलर बाहेर काढायला जरा वेळ लागला, बाकी काही नाही. सोबतीला कार्यालयातलंच कोणीतरी होतं.

घर आता छान उबदार असतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर जूनची सभा झाली की नक्की.

तुझी,
आई

१२ जून

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद. नगरपालिकेची सभा घरबसल्या दिसते आणि सूनबाई काही सोडत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. काल तुझा निरोप आला, 'आई, सभेत तो माणूस काय बोलला?' मग फोन वाजत राहिला आणि मी घेतला नाही. रागावू नकोस. हे मला एका दमात सांगायचंय, आणि मध्ये कोणी बोललं तर माझा धीर सुटेल.

आधी कामाचं. ठराव मंजूर झाला. अनुदान आता घराला नव्हे, जिन्याला मिळणार. पूर्ण जिना मिळून अर्ज करील, एकट्या बिऱ्हाडांना सोबती मिळेल, आणि बंदी सगळ्यांत शेवटी. पहिली वस्ती ती शिवणकाम करणाऱ्या आजींची. त्यांनी मला बजावलंय की सोबती बोलका हवा, घुम्या चालणार नाही.

आता तो माणूस. मे महिन्यात एका दुपारी शंकासुर माझ्या खोलीत आले, दार लोटलं आणि म्हणाले की तपासनीस म्हणून मला मोकळं करा, असं मी माझ्या वरिष्ठांना लिहून दिलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सभा तोंडावर आलेली, आणि तपासणी न झालेलं मॉडेल सभेत कोणी उघडूनही बघत नाही. एवढ्या सगळ्यांची मेहनत पाण्यात. मी नाही नाही ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "तुमच्या कामात चूक सापडू नये असं मला वाटायला लागलंय. तपासनिसाला असं वाटून चालत नाही."

एवढं सांगून ते निघून गेले. त्यानंतर मी दिवसभर एकच पान वाचत होते.

त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या. यांची शंका काढायची पद्धत तरी गोड होती, त्या बाई म्हणजे करवत. सगळं पहिल्यापासून तपासलं, दोन चुका बाहेर काढल्या ज्या शंकासुरांच्याही नजरेतून सुटल्या होत्या, आम्ही त्या सुधारल्या, आणि मग कुठे त्यांनी सही केली. आमचा जीव भांड्यात पडला. तो सभेपर्यंतच टिकला.

सभेत मी मॉडेल मांडलं. तेलवाल्यांची बाजू कायम लावून धरणारे एक सदस्य आहेत, ते उठले. त्यांनी आकड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी विचारलं, की आधीचा तपासनीस ऐन वेळी का बदलला? त्याला काही गैर सापडलं म्हणून त्याला बाजूला केलं का? सभागृहात कुजबुज सुरू झाली. अशी शंका एकदा पसरली की ती आकड्यांनी पुसता येत नाही, हे माझ्याहून जास्त कोणाला कळणार? मी तेच तर मॉडेलमध्ये बसवते. काठावरचे सदस्य एकमेकांकडे बघायला लागले, आणि सगळं हातचं जाणार हे मला दिसलं.

शंकासुर वर प्रेक्षकांत बसले होते. ते उभे राहिले. त्यांना बोलायची काहीच गरज नव्हती. अध्यक्षांनी हात करून परवानगी दिली.

"मला कोणी काढलं नाही," ते म्हणाले. "मी स्वतः बाजूला झालो. या मॉडेलच्या प्रमुख बाईंशी लग्न करावं अशी माझी इच्छा आहे. त्यांना मी अजून विचारलेलं नाही. पण तपासनिसाचे असे हितसंबंध असतील तर ते जाहीर करावेत, असा नियम आहे."

मग चिटणीसांनी अध्यक्षांना विचारलं, हे कामकाजात नोंदवायचं का? अध्यक्षांनी वर बघितलं. शंकासुर म्हणाले, नोंदवा. मग जो हशा पिकला तो तुम्ही ऐकलाच असेल. प्रश्न विचारणारे सदस्य मूग गिळून खाली बसले. अध्यक्षांनी मला विचारलं, बाई, तुम्हाला यावर काही म्हणायचंय का? माझे कान तापले होते. मी म्हटलं, मॉडेलबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं आत्ता देते, बाकीचं सभेनंतर. पुन्हा हशा. आणि मग मतदान झालं.

सभा संपल्यावर ते बाहेर पायऱ्यांवर उभे होते, चेहरा पांढराफटक. मी जवळ गेले. शंकासुरांना त्या वेळी एकही शंका विचारता येईना. शेवटी मीच म्हटलं, हो.

सोन्या, मी हो म्हटलंय. तुला विचारायच्या आधी म्हटलं. हेच इतके दिवस लिहिता येत नव्हतं.

तुला प्रश्न पडेल, आईला हे केव्हा कळलं. मला ते सभेच्या कितीतरी आधी कळलं होतं, बॉयलर काढला त्या दिवशी. सोबतीला 'कार्यालयातलंच कोणीतरी' होतं, ते हेच. मिस्त्र्यांनी बॉयलर भिंतीपासून सोडवला आणि उचलायला गेले, आणि मला एकदम तुझे बाबा दिसले. दर वर्षी थंडीच्या आधी ते तो उघडून बसायचे, कोपरापर्यंत काळे व्हायचे, आणि तू शेजारी बसून त्यांना पाने द्यायचास. मला 'थांबा' म्हणायचं होतं पण आवाजच फुटेना. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मिस्त्र्यांना म्हणाले, एक शंका आहे, जरा जिन्यात या. त्यांना बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं. मी आत मनसोक्त रडले. बाहेर हे त्यांना नळ्यांबद्दल, खिळ्यांबद्दल, काय वाटेल ते विचारत उभे होते, आणि ते बिचारे उत्तरं देत होते. मी आपणहून दार उघडेपर्यंत यांनी त्यांना धरून ठेवलं. आत आल्यावर मला काही विचारलं नाही. मला तेव्हाच कळलं.

आणि शून्य का टाकलं, तेही सांगून टाकते. पन्नाशीच्या पुढचं एकटं बिऱ्हाड, असं लिहिल्यावर मला दुसरं कोणी दिसलंच नव्हतं. तुझे बाबा गेल्यापासून मी घरातली खुर्चीही हलवली नव्हती. ही बाई काही बदलायची नाही, असं म्हणून मी आकडा लिहून टाकला आणि जेवायला बसले. बाबांवर माझं प्रेम होतं आणि आहे. त्यात कुठे काही कमी झालेलं नाही, आणि हे त्यांनाही माहीत आहे. आम्ही दोघं बाबांबद्दल बोलतो. त्यांच्या विनोदांना हे हसतात, तेही मी सांगायला चुकले तरी.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी कायमची राहायला येणार नाही. घर विकायचं नाही. तुम्ही ती खोली किती मायेनं केली हे मला ठाऊक आहे, आणि तुला वाईट वाटणार हेही ठाऊक आहे. वाटू दे थोडं. मला एकटी पडू द्यायचं नाही असं तू ठरवलंस; तुझ्यासारखा मुलगा पोटी आला याचा मला अभिमान वाटतो. पण मी आता एकटी नाही, बाळा.

आम्ही अजून एकमेकांना अहो-जाहोच करतो, आणि बहुधा शेवटपर्यंत करू. तुझी त्यांना फार धास्ती आहे. तू काय विचारशील, याचा ते रोज अंदाज बांधतात. पहिल्या भेटीत त्यांना भरपूर शंका विचार, जरा कळू दे त्यांनाही कसं वाटतं ते.

विवाह नोंदणीच्या कचेरीत माझ्या बाजूनं एक साक्षीदार लागतो. ती सही तू करावीस अशी माझी इच्छा आहे. तू नाही म्हणालास तरी मी लग्न करणार आहे. पण मग त्या जागी दुसरं कोणाचं नाव लिहावं, ते खरंच मला सुचत नाही. तारीख मी अजून घेतलेली नाही. तुझ्या सवडीनं घेईन.

उत्तराची वाट बघणारी, आणि फार वर्षांनी सुखात असलेली,
तुझी
आई